दगडी कड्यावरची गोड द्राक्षं

या कार्यक्रमात आम्ही कधी बियाण्याबद्दल बोलतो, कधी गटाच्या हिशेबाबद्दल, कधी बाजारभावाबद्दल. आज जरा लांब जाऊया. जर्मनी देशात मोझेल नावाची नदी आहे. तिच्या काठच्या उभ्या कड्यांवर रिस्लिंग नावाचं पांढरं द्राक्ष पिकतं आणि त्याची गोड वाइन होते.

२०१५ साली तिथल्या ट्रियर शहरात वाइनचा लिलाव झाला. त्यात एका बाटलीला कर सोडून १२,००० युरो भाव मिळाला. आपल्या पैशात त्या वेळचे आठ लाख रुपयांहून जास्त. त्याच खोऱ्याचं नाव लावलेली गोड वाइन दुकानात तीन-चार युरोलाही मिळत आली आहे. आणि त्याच खोऱ्यात १९९० च्या सुमारास बारा हजार हेक्टरांहून अधिक द्राक्षबागा होत्या, त्या आता साडेआठ हजार हेक्टरांच्या आसपास उरल्या आहेत. म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा गेला. पहिल्यांदा मोडल्या त्या बहुतेक कड्यावरच्या, कष्टाच्या बागा.

एका बाटलीला लाखांचा भाव आणि शेजारची बाग पडीक, हे कसं? आजचं बोलणं या प्रश्नाचं आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. वाइन ही दारूच आहे. या गोड वाइनमध्ये मद्यार्क कमी, म्हणजे सात ते नऊ टक्के असतो, तरी ती दारूच. दारूमुळे घरं कशी मोडतात हे आपल्यापैकी कितीजणींनी पाहिलं आहे. बाटली आडवी करण्यासाठी मतदानाला उभ्या राहिलेल्या बायका आपल्याच गावांतल्या आहेत. वाइन प्या किंवा विका असं आम्ही सांगत नाही. आम्हाला बोलायचं आहे ते त्या शेतीबद्दल, त्या कष्टाबद्दल आणि त्या कष्टाला लागलेल्या नावाबद्दल.

थंड मुलूख, उभा कडा, पाटीचा दगड

मोझेल नदी फ्रान्समधल्या डोंगरांत उगम पावते, लक्झेंबर्गच्या सीमेवरून जर्मनीत येते आणि कोब्लेन्झ शहराशी ऱ्हाइन नदीला मिळते. वाटेत ती सारखी वळणं घेते. सार आणि रुवर या तिच्या दोन उपनद्या. या तिघींच्या काठांवर ही द्राक्षशेती आहे. रोमन लोकांच्या काळापासून तिथे वाइन होते. नॉयमागेन नावाच्या गावी वाइनची पिंपं वाहणाऱ्या नावेचं दगडी शिल्प सापडलं आहे, ते अठराशे वर्षं जुनं आहे.

आपलं नाशिक विषुववृत्तापासून वीस अंशांवर, सांगली सतरा अंशांवर. हे खोरं पन्नास अंशांवर आहे. एवढ्या उत्तरेला द्राक्ष पिकणं ही मुळात अवघड गोष्ट. हिवाळ्यात बर्फ पडतं, सूर्य कायम कललेला असतो, ऊन तिरपं आणि फिकं येतं. सपाट रानात रिस्लिंगचा मणी जुन्या काळी बहुतेक वर्षी नीट पिकतच नसे.

मग लोकांनी कडे धरले. कारण सोपं आहे. आपण सुपात काही वाळत घालतो तेव्हा ऊन कललं की सूपही उन्हाकडे कलतं करतो. तसंच हे. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उभ्या उतारावर तिरपं ऊनसुद्धा सरळ पडतं. खालून नदीच्या पाण्यावरून तिरीप येते, ती वेगळी.

तिसरी गोष्ट म्हणजे दगड. शाळेत आपण ज्या दगडी पाटीवर लिहायचो, तोच दगड. निळसर, करडा, काही ठिकाणी तांबूस. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी बसलेल्या गाळाचा तो झाला आहे. त्याच्या चकत्या सुटतात आणि सगळा उतार या चकत्यांनी झाकलेला असतो. माती थोडीच. पण हा काळपट दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री हळूहळू ऊब सोडतो. चुलीवरून उतरवलेला तवा बराच वेळ गरम राहतो ना, तसं. पावसाचं पाणी साचत नाही, निचरा होतो. वेलीची मुळं फटींतून खोल जातात. अशा काही बागांत अजून खूप जुन्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या वेली आहेत. मुळांना खाणाऱ्या फायलोक्सेरा किडीमुळे एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बहुतेक बागा गेल्या. तेव्हापासून तिथे दुसऱ्या खुंटावर कलम करून वेल लावतात. आपल्याकडेही डॉगरिजसारख्या खुंटावर कलम बांधतात, मात्र ते पाण्याच्या आणि क्षारांच्या अडचणीमुळे. दगडी कड्यांवर ही कीड तितकी फोफावली नाही, म्हणून तिथे काही जुन्या वेली टिकल्या.

हे कडे किती उभे? शंभर फूट पुढे जाताना तीस फुटांहून जास्त चढावं लागलं तर जर्मनीत त्या बागेला उभ्या उताराची बाग म्हणतात. या खोऱ्यातल्या सुमारे चाळीस टक्के बागा तशा आहेत. ब्रेम गावाजवळ काल्मोन्ट नावाचा कडा आहे, तो काही ठिकाणी पासष्ट अंशांपर्यंत उभा आहे. भिंतीला शिडी लावली की ती जेवढी उभी दिसते, जवळपास तेवढा. तिथे माणसं द्राक्षं पिकवतात.

बागेतलं वर्षभराचं काम

द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या मैत्रिणींना हे लगेच समजेल. आपल्याकडे वेल झोपत नाही, म्हणून दोन छाटण्या कराव्या लागतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, आणि फळ एकदाच. मोझेलला कडाक्याच्या थंडीत वेल पानं टाकून झोपी जाते, त्यामुळे छाटणी एकच, भर हिवाळ्यात. बोटं आखडतात, दगड निसरडा असतो आणि पाय तिरका ठेवून उभं राहावं लागतं.

तिथे मांडव नाही. जुन्या पद्धतीत प्रत्येक वेलीला एक खांब असतो. छाटून ठेवलेल्या दोन काड्या दोन्ही बाजूंनी वाकवून त्याच खांबाला बांधतात, बदामाचा आकार होतो. ही बांधणी पूर्वी वाळुंजाच्या ओल्या फोकांनी करत आणि ती बहुधा बायकांकडे असे. काडी वाकवायची, पण मोडू द्यायची नाही, असं हे हाताचं काम. उन्हाळ्यात बगलफूट काढायची, शेंडे खुडायचे, घडापुढची पानं विरळ करायची. मोठा पाऊस झाला की दगडाच्या चकत्या आणि माती घसरून खाली येते. ती पूर्वी पाठीवरच्या टोपलीतून पुन्हा वर नेत. दगडी बांध ढासळले तर तेही रचायचे.

सपाट रानात यंत्र चालतं. तिथे एक हेक्टर बागेला वर्षाला दोन-तीनशे तासांचं माणसाचं काम लागतं. कड्यावर तेवढ्याच बागेला हजाराहून अधिक तास लागतात, कारण बहुतेक सगळं हातानं. अलीकडे एका रुळावर दात्यांनी चढणाऱ्या छोट्या गाड्या बसवल्या आहेत, त्यातून माणसं आणि द्राक्षांचे क्रेट वर-खाली जातात. तरी खुडणी हातानंच होते आणि तिला दरवर्षी पोलंड, रुमानियासारख्या देशांतून मजूर येतात. जशा आपल्या हंगामात टोळ्या येतात, तशाच.

वेलेन गावाजवळच्या कड्यावर १८४२ साली एक मोठं सूर्यघड्याळ बसवलं. वर-खाली काम करणाऱ्या माणसांना जेवणाची वेळ कळावी म्हणून. आज त्या घड्याळाचंच नाव त्या बागेला आहे आणि तिथली वाइन जगभर त्या नावानं ओळखली जाते.

गोडी येते कुठून?

आता मुख्य गोष्ट. ही गोडी साखर घालून केलेली नाही. ती येते तीन गोष्टींतून.

पहिली, उशिरा खुडणी. रिस्लिंग हे सावकाश पिकणारं द्राक्ष. बाकीच्यांच्या बागा रिकाम्या होतात तेव्हाही हे वेलीवर असतं. दिवसा दगडाची ऊब आणि रात्री गारवा. त्यामुळे साखर चढते, पण आंबटपणा उतरत नाही. नुसतं गुळाचं पाणी पिऊन पाहा आणि कैरीचं पन्हं पिऊन पाहा. गूळ दोन्हीत असतो, पण पन्हं अंगावर येत नाही, कारण त्यात कैरी आहे. रिस्लिंगमध्ये तसा आंबटपणा निसर्गानंच ठेवलेला असतो.

आपल्याकडे बागायतदार मण्याची गोडी रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्समध्ये मोजतात. जर्मनीत एक्सले नावाचं माप आहे, ते फर्डिनांड एक्सले या कारागिराच्या नावावरून पडलं. एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा किती ग्रॅम जड भरतो, तेवढे त्याचे अंश. ८० अंश म्हणजे आपले साधारण १९ ब्रिक्स.

या मापावर वाइनच्या पायऱ्या ठरतात. काबिनेट ही पहिली, हलकी. मग श्पेटलेजे, म्हणजे उशिरा खुडलेली. मग आउसलेजे, म्हणजे घड निवडून खुडलेली. मग बेरेनआउसलेजे, म्हणजे एकेक मणी निवडून. आणि सगळ्यात वर ट्रोकेनबेरेनआउसलेजे. नाव लांबलचक आहे, पण अर्थ सोपा: वेलीवरच सुकलेले मणी वेचून केलेली. शरद ऋतूत सकाळी धुकं आणि दुपारी ऊन असं हवामान जमून आलं की पिकल्या मण्यांवर एक करडी बुरशी येते. एरवी ती घड नासवते. पण पिकलेल्या मण्याची साल ती बारीक भोकांनी सच्छिद्र करते, आतलं पाणी उडून जातं, आणि वेलीवरच बेदाण्यासारखा मणी तयार होतो. त्याच्या रसाला किमान १५० अंश लागतात, म्हणजे चौतीस ब्रिक्सच्या वर. एका बाईनं दिवसभर वेचले तरी कधीकधी जेमतेम एका बाटलीपुरता रस निघतो. सुरुवातीला सांगितलेली १२,००० युरोची बाटली याच प्रकारची, सार नदीकाठच्या शार्झहोफबेर्ग बागेची होती.

आणखी एक प्रकार आहे आइसवाइन. उणे सात अंश किंवा त्याहून कडक थंडीत गोठलेले मणी पहाटे खुडून तसेच गाळतात. पाण्याचा बर्फ मागे राहतो आणि गोड अर्क तेवढा निघतो.

दुसरी गोष्ट, आंबवणं अर्ध्यावर थांबणं. आंबोळीचं पीठ थंडीच्या दिवसांत लवकर फुगत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. रसातले किण्व साखर खातात आणि तिचं मद्यार्क करतात. सगळी साखर खाल्ली तर वाइन कोरडी होते, गोड राहत नाही. मोझेलला खुडणीच उशिरा, त्यात जमिनीखालची गार तळघरं. हिवाळा आला की हजारेक लिटरच्या लाकडी पिंपांत आंबवणं मंदावतं आणि थांबतं. खायची राहिलेली साखर तशीच उरते. आता हे काम थंड करणाऱ्या यंत्रांनी आणि गाळण्यांनी वेळ साधून करतात. म्हणून गोडी जास्त आणि मद्यार्क कमी. सगळीच मोझेल वाइन गोड नसते, कोरडीही पुष्कळ होते.

तिसरी गोष्ट म्हणजे द्राक्षाची जात आणि ती राखण्याचा आग्रह. १७८७ साली ट्रियरचा राज्यकर्ता आर्चबिशप क्लेमेन्स वेन्त्सेस्लाउस यानं हुकूम काढला की हलक्या जातींच्या वेली काढून चांगल्या लावा. त्यानंतर इथे रिस्लिंग पसरलं.

कष्ट होते, पैसा नव्हता

एवढं सगळं ऐकून वाटेल की ही माणसं सुखात असतील. तसं नव्हतं. जुन्या थंड काळात दहा वर्षांतून दोन-तीन वर्षंच द्राक्ष मनासारखं पिके. बाकी वर्षी रस चिंचेसारखा आंबट. त्यातच फ्रेंच राजवटीनंतर वारसाहक्कात सगळ्या मुलामुलींना समान वाटा मिळू लागला. मुलींना वाटा मिळाला, ही न्यायाची गोष्ट. पण कड्यावरच्या इवल्याशा बागांचे आणखी तुकडे झाले. तुकड्यांचा त्रास आपल्याला सांगायला नको.

१८३४ साली जर्मन राज्यांमधली जकात उठली. दक्षिणेकडची स्वस्त वाइन बाजारात आली आणि मोझेलचे शेतकरी बुडाले. त्यांच्या हलाखीवर १८४३ साली एका तरुण संपादकानं वर्तमानपत्रात लेख लिहिले. दोष शेतकऱ्यांच्या आळसाचा नाही, सरकार त्यांचं ऐकत नाही, असं त्यानं मांडलं. तो ट्रियरचाच मुलगा, कार्ल मार्क्स. काही आठवड्यांत ते वर्तमानपत्र सरकारनं बंद पाडलं.

मग ट्रियरच्या लुडविग गाल नावाच्या माणसानं १८५० च्या दशकात एका उपायाचा प्रसार केला. आंबट रसात साखरेचं पाणी घाला, आंबटपणा कमी होईल, मद्यार्क वाढेल, माल विकला जाईल. गरीब शेतकऱ्याला यानं खरोखर आधार मिळाला. त्या काळी त्यांची चूल यावर पेटली, हे आपण विसरायला नको. पण इथूनच भांडण सुरू झालं. वेलीवर साखर चढेपर्यंत थांबणारा शेतकरी आणि पोत्यातली साखर घालणारा शेतकरी, दोघांच्या बाटल्यांवर गावाचं नाव एकच.

काही बागवाल्यांनी १९०८ साली ट्रियरला संघ केला. साखर न घातलेली वाइनच आम्ही लिलावाला आणू, असा त्यांचा नियम. आजचा लिलाव त्याच परंपरेतला. लहान शेतकऱ्यांनी दुसरी वाट धरली, सहकाराची. शेजारच्या आर नदीच्या खोऱ्यात, मायशॉस गावी, १८६८ साली द्राक्षशेतकऱ्यांनी संस्था काढली. ती जगातल्या सर्वांत जुन्या अशा संस्थांपैकी एक आहे. मोझेल जिथे ऱ्हाइनला मिळते त्याच्या जवळच, हेडेस्डोर्फला, फ्रीडरिश रायफायझन यांनी १८६४ साली गावकऱ्यांची पतसंस्था सुरू केली होती. एकमेकांना ओळखणाऱ्यांनी एकमेकांची हमी घ्यायची, ही त्यांची रीत. १९०४ साली आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला, त्यापुढे त्यांचाच नमुना होता. आपला बचत गट ज्या विश्वासावर चालतो, त्याचं एक मूळ त्या मुलखात आहे.

तरी हाल संपले नाहीत. वाइनवरच्या कराला कंटाळून १९२६ च्या फेब्रुवारीत शेतकऱ्यांच्या जमावानं बेर्नकास्टेलची कर कचेरी फोडली आणि दप्तरं जाळली. त्यानंतर तो कर रद्द झाला.

नाव स्वस्त झालं

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. बागा का मोडल्या?

१९७१ साली जर्मनीत वाइनचा नवा कायदा आला. त्यात एक चांगली गोष्ट होती. काबिनेटपासून वरच्या पायऱ्यांच्या वाइनच्या रसात साखर घालायची नाही, हा नियम. पण दुसरी गोष्ट घातक ठरली. अनेक गावांच्या बागा एकत्र करून मोठमोठे टापू केले आणि त्या टापूला प्रसिद्ध गावाचं नाव लावायची मुभा दिली.

पीसपोर्ट गावाचंच पाहा. तिथे नदीच्या वळणावर दगडी कड्याची एक बाग आहे, गोल्डट्रॉप्फ्शेन. नावाचा अर्थ सोन्याचे थेंब. आणि पीसपोर्टर मिशेल्सबेर्ग हे मोठ्या टापूचं नाव. त्यात आजूबाजूच्या गावांची सपाट रानंही आली. तिथे लवकर पिकणाऱ्या, भरपूर रस देणाऱ्या दुसऱ्या जातींची द्राक्षं यंत्रानं काढता येतात. बाटलीवर दोन्हीकडे 'पीसपोर्टर' हाच शब्द. दूरच्या गिऱ्हाइकाला काय कळणार? त्यानं स्वस्तातली घेतली. पायऱ्या ठरवतानाही कायद्यानं रसाची गोडीच मोजली. ती कड्यावरची की सपाट रानातली, हे विचारलं नाही.

स्वस्त गोड वाइन परदेशात धो धो विकली गेली. व्यापार वाढला, पण 'गोड जर्मन वाइन म्हणजे हलका माल' अशी समजूत झाली. १९८५ साली तर शेजारच्या ऑस्ट्रियात काही व्यापाऱ्यांनी वाइन दाट आणि गोडसर लागावी म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळल्याचं उघड झालं. काही जर्मन बाटल्यांतही ते सापडलं. मोझेलच्या कड्यावर पाठीनं दगड वाहणाऱ्या माणसाचा यात काही दोष नव्हता. पण गोड वाइनचं नाव खराब झालं, ते त्याचंही झालं.

मग हिशेब बसेना. काम सपाट रानाच्या कितीतरी पट आणि भाव तोच. म्हातारी माणसं थकली, मुलं शहरात नोकरीला गेली, बागा सुटल्या. सुटलेल्या बागेत काटेरी झुडपं वाढतात, दगडी बांध फुगून कोसळतात, रानडुकरं आसरा घेतात आणि शेजारच्या चालू बागेचं नुकसान करतात. म्हणजे एकीनं बाग सोडली की दुसरीला टिकणं आणखी अवघड. काल्मोन्टचा कडासुद्धा बराच पडीक झाला होता.

त्यात आता हवामान बदललं. उष्णता वाढल्यामुळे रिस्लिंग जवळजवळ दरवर्षी पिकू लागलं, हा फायदा. पण वेल लवकर फुटते आणि मग उशिराच्या दहिवरानं कोवळे कोंब जळतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये सार, रुवर आणि मोझेलच्या अनेक बागांचं असं मोठं नुकसान झालं. २०१९ च्या हंगामात पुरेशी थंडीच पडली नाही आणि जर्मनीत जवळजवळ कुठेही आइसवाइन झाली नाही. गोडी ज्या गारव्यावर उभी होती, तोच आता भरवशाचा राहिला नाही.

टिकले ते कशामुळे?

सगळंच गेलं असंही नाही. काल्मोन्टवर पुन्हा वेली लावल्या गेल्या, रुळावरची गाडी बसली. तुकडे एकत्र करून वाटा काढल्या गेल्या. उभ्या उताराच्या बागांना सरकार अनुदान देतं, कारण कडे पडीक झाले तर डोंगर आणि गावाचं रूप दोन्ही जातं. या बांधांवरच्या उबेत अपोलो नावाचं दुर्मीळ फुलपाखरू जगतं, त्याचीही काळजी आहे. पडीक बागा कमी भावात मिळतात म्हणून काही तरुण मुलं-मुली त्या घेऊन पुन्हा उभ्या करत आहेत. पूर्वी बायका बांधणी आणि खुडणी करत, पण तळघराच्या किल्ल्या पुरुषांकडे असत. आता अनेक नावाजलेल्या बागांचा कारभार बायका पाहतात. वेलेनच्या सूर्यघड्याळाच्या बागेतली वाइन करणारं एक जुनं घराणं काटारिना प्र्युम चालवतात. वाइनच्या धंद्यातल्या जर्मन बायकांची विनिसिमा नावाची संघटना १९९१ पासून आहे.

पण आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं ठरलं ते नाव. ज्यांनी आपल्या एका कड्याचं नाव जपलं, दुसरा माल त्या नावानं विकला नाही, वाईट वर्षी कमी बाटल्या भरल्या पण नाव गहाण टाकलं नाही, त्यांच्या कष्टाला भाव आला. २०२१ साली जर्मनीनं कायदाही बदलला. माल कुठल्या जागेचा, हे आता जास्त ठळक करावं लागेल आणि मोठ्या टापूच्या नावाआधी तो टापू आहे, हे सांगावं लागेल. पन्नास वर्षं लागली एवढं कळायला.

आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षांना, सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. म्हणजे नावाचं हे राजकारण आपल्यापासून लांब नाही. मानांकन मिळणं ही सुरुवात. त्या नावाखाली कोणता माल जातो यावर लक्ष कोण ठेवतं आणि वाढीव भावातला वाटा छाटणी-विरळणी करणाऱ्या बाईपर्यंत किती पोचतो, हे पुढचे प्रश्न.

कष्ट जास्त म्हणून भाव आपोआप जास्त मिळत नाही, हे मोझेलनं दाखवलं. कष्ट गिऱ्हाइकाला दिसावे लागतात. ते नावातून, चिठ्ठीतून, शब्द पाळण्यातून दिसतात. आणि एकट्या घराला ते पेलत नाही, त्याला संघ लागतो.

पुढच्या बैठकीत गटात तीन गोष्टींवर बोला. एक: आपण जे विकतो, पापड असो, हळद, गूळ किंवा बेदाणा, त्यात कोणतं काम असं आहे जे यंत्राला जमत नाही? दोन: ते काम आपल्या पाकिटावर कुठे लिहिलं आहे का? तीन: माल कमी पडला तर बाहेरचा आणून आपल्याच नावानं विकायचा का? या तिसऱ्या प्रश्नावर वाद होईल, होऊ द्या. ऑर्डर मोठी असते, पैसे समोर असतात, नाही म्हणणं सोपं नसतं. पीसपोर्टलाही ते सोपं नव्हतं. तुमचं काय ठरतं ते आम्हाला जरूर कळवा, पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू. नमस्कार.